कॅन्सरबद्दल परळ-लालबागमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळ, लालबाग, शिवडी, भोईवाडा या भागातल्या चाळींत आणि वस्त्यांत आमचा गट कॅन्सरविषयी बोलायला जातो. बोलणं चालू असतं तोवर कुणी फारसं काही विचारत नाही. कार्यक्रम संपला, लोक चपला घालू लागले, की एकेक जण हळूच बाजूला घेऊन विचारतं. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. यातलं एखादं लक्षण तुम्हाला किंवा घरात कुणाला असेल, तर नुसतं वाचून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

आमच्या घराण्यात कुणाला कॅन्सर नाही. मग मला कसा होईल?

होऊ शकतो. आईवडिलांकडून आलेल्या जनुकातल्या दोषामुळे होणारे कॅन्सर शंभरात साधारण ५ ते १० असतात. बाकीचे आयुष्यभरात घडत जातात. शरीरातल्या पेशी सतत विभागत असतात. त्या विभागताना होणाऱ्या बहुतेक चुका शरीर स्वतःच दुरुस्त करतं. तंबाखू, दारू, काही विषाणू, वाढलेलं वजन आणि वाढतं वय यांमुळे चुका साचत जातात, आणि एक दिवस एखादी पेशी कुणाचं ऐकेनाशी होते.

२०२२ साली भारतात कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले. देशातल्या कर्करोग नोंदणीच्या अंदाजानुसार दर नऊ भारतीयांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होण्याची शक्यता आहे. म्हणजे ‘आमच्याकडे नाही’ हे समाधान कुणालाच पुरणारं नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्याजोगे आहेत.

आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांच्यापैकी कुणाला तरुण वयात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल, तर मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटून आनुवंशिकतेबद्दल विचारा. जनुक तपासणी करायची की नाही हे समुपदेशनानंतर ठरवा. परस्पर लॅबमध्ये जाऊन करू नका.

मी तंबाखू खात नाही, फक्त मिसरी लावते. त्यानेही होतो का?

हो. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासायला म्हणून सुरू होते, मग दिवसातून तीन-चार वेळा लागते, आणि विचारलं की बाई सांगते, ‘मला कसलंही व्यसन नाही’. ती खोटं बोलत नसते. तिच्या आईनेही लावली, सासूनेही लावली, घरात कुणी त्याला व्यसन म्हटलंच नाही.

सुपारीचंही तेच. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर घडवते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली स्पष्ट केलं आहे. सुपारी चघळून चघळून गालाच्या आतलं अस्तर पांढरट आणि ताठ होत जातं, तिखट सोसवत नाही, तोंड हळूहळू कमी उघडतं. हा कॅन्सर नव्हे, पण तिथून पुढे कॅन्सर होऊ शकतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही पानमसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या घेऊन हातावर मिसळणारी पोरं रोज दिसतात. त्यात कॉलेजची मुलं दिसली की पोटात तुटतं.

आजच एक गोष्ट करून पाहा. मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घाला. ती दातांच्या मधून आत जात नसतील, तर दाखवून घ्या. मग आरशासमोर उजेडात गाल, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि हिरड्या बघा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, कारण नसताना हलणारा दात, मानेत गाठ यांपैकी काहीही अंगावर काढू नका. दातांचे डॉक्टरही हे तपासतात. मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय इथे कमी खर्चात काम होतं.

सोडायची आहे, पण तंबाखूशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. काय करू?

ही तक्रार खरी आहे. निकोटिनमुळे आतड्यांना चालना मिळते आणि शरीराला तिची सवय लागते. सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता, चिडचिड, डोकेदुखी आणि झोपमोड होते. ते दिवस सरले की शरीर आपोआप सावरतं. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, जेवणात भाकरी, पालेभाजी, पेरू, आणि थोडं चालणं. त्यानेही भागलं नाही तर डॉक्टर साधं औषध देतात. तलफ अनावर होत असेल तर निकोटिनचा च्युइंगगम किंवा पट्टी मिळते, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाईन आहे : १८००-११-२३५६.

‘आता इतकी वर्षं झाली, सोडून काय फायदा’ असं गिरणीत रात्रपाळ्या काढलेले आजोबा म्हणतात. आजोबा, कुठल्याही वयात सोडली तरी धोका उतरू लागतो. आजार झाल्यानंतर सोडली तरी जखमा लवकर भरतात आणि उपचार जास्त चांगले लागू पडतात.

थोडी दारू चालते ना?

कॅन्सरच्या बाबतीत सुरक्षित असं प्रमाण नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडं, स्तन या सगळ्यांचा धोका दारूने वाढतो, आणि जोडीला तंबाखू असेल तर कित्येक पटींनी.

मोबाईल टॉवर, मायक्रोवेव्ह, वडापावचं तेल यांचं काय?

गच्चीवर टॉवर बसला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणं होतात. मोबाईलच्या लहरी ‘कदाचित’ कॅन्सरकारक असू शकतील, अशा गटात २०११ साली टाकल्या गेल्या होत्या. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या मोठ्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही. मायक्रोवेव्हने अन्न फक्त गरम होतं. एक वडापाव खाल्ल्याने काही होत नाही. रोज तळलेलं खाऊन, दिवसभर बसून पोटाचा घेर वाढतो त्याने मात्र होतं. स्तन, गर्भाशय, आतडं अशा अनेक कॅन्सरांशी वाढत्या वजनाचा संबंध पक्का आहे.

हवेबद्दल कुणी फारसं विचारत नाही, आणि विचारायला हवं ते हवेबद्दलच. बाहेरच्या प्रदूषित हवेने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे २०१३ पासून मान्य झालं आहे. हिवाळ्यात मुंबईवर धुरकं बसतं आणि शेजारी बांधकामाची धूळ उडते. अशा वेळी सकाळचं फिरणं थोडं उशिरा करणं, मास्क लावणं, उघड्यावर कचरा जाळणाऱ्याची तक्रार करणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

छातीत गाठ आहे, पण दुखत नाही. मग थांबलं तर चालेल?

थांबू नका. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने बायका महिनोन् महिने ती कुणाला सांगत नाहीत. घरातली लग्नं, मुलांच्या परीक्षा, गणपती, सगळं पार पडतं आणि मग दाखवायला येतात. बहुतेक गाठी साध्या निघतात. पण साधी आहे की नाही हे हाताला कळत नाही, तपासणीतच कळतं.

गाठीशिवाय इतर खुणाही असतात : त्वचेला खळी पडणं किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखा स्राव येणं, काखेत गाठ लागणं. पुरुषांनाही हा कॅन्सर होतो, क्वचित होतो, म्हणून तो आणखी उशिरा कळतो.

मुंबईतल्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षं एक अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तनांची तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. सगळ्या वयोगटांचा एकत्र विचार केला तर फरक एवढा ठळक नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. तरी एवढ्या साध्या तपासणीने इतकं साधलं, तेही आपल्याच शहरात. तिशीनंतर अशी तपासणी करून घ्या. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, कधीपासून आणि किती वर्षांनी, ते तुमचं वय आणि घरचा इतिहास पाहून डॉक्टर सांगतील.

अंगावरून पांढरं जातं. सगळ्याच बायकांचं जातं ना?

थोडं पांढरं जाणं नैसर्गिक आहे. पण त्याला दुर्गंधी असेल, रक्ताचा अंश असेल, संबंधानंतर रक्त जात असेल, किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा डाग दिसला असेल, तर तपासणी हवीच. पाळी गेल्यानंतर दिसलेला एक डागसुद्धा ‘उष्णतेमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या दीर्घ संसर्गातून होतो आणि तो व्हायला बरीच वर्षं लागतात. म्हणूनच तो आधी पकडता येतो. पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं तेच आम्ल, गर्भाशयाच्या मुखाला लावायचं आणि पांढरा डाग उठतो का ते पाहायचं, अशी एक चाचणी आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये आरोग्यसेविकांनी ती सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात वापरली, आणि या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०१३ साली जगासमोर आला. गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी तपासणारी पॅप आणि विषाणू शोधणारी एचपीव्ही या चाचण्याही उपलब्ध आहेत.

लाज वाटते, हे समजतं. तपासणारी स्त्री डॉक्टर किंवा सिस्टर हवी असं स्पष्ट सांगा. काही मिनिटांचं काम आहे, दुखत नाही, भूल लागत नाही. आणि नवऱ्यांना एक विनंती : ‘तुला काही त्रास नाही तर कशाला जातेस’ असं म्हणू नका. ही तपासणी त्रास नसतानाच करायची असते.

मुलगी बारा वर्षांची आहे. एचपीव्हीची लस द्यावी का?

द्यावी. विषाणूशी संबंध येण्याआधी लस सर्वांत चांगली काम करते, म्हणून ९ ते १४ हे वय योग्य. या वयात साधारणपणे दोन डोस देतात, पंधरानंतर तीन. एका डोसानेही चांगलं संरक्षण मिळतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ या भारतीय लसीलाही मान्यता मिळाली. पुढे मूल होण्यात लसीमुळे अडचण येत नाही. लस घेतलेल्या मुलीने तिशीनंतर तपासणी मात्र करायचीच आहे.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात. खरं का?

नाही. या एका समजुतीने किती जणांचे महिने वाया गेले असतील. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय (यालाच बायोप्सी म्हणतात) तो कॅन्सर आहे की नाही, असेल तर कुठल्या जातीचा, कोणत्या औषधाला दाद देईल, हे कळूच शकत नाही. तुकडा काढल्यावर आजार वाढलेला दिसतो तो बहुतेक वेळा मधल्या काळात उपचार न घेतल्यामुळे. गाठ दिसली म्हणून जवळच्या नर्सिंग होममध्ये घाईने कापून घेणं मात्र टाळा. आधी सुईची तपासणी, मग बेत. आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवला का, हे आवर्जून विचारा.

एका ताटात जेवलं तर लागण होते का?

होत नाही. ताट, कपडे, संडास, मिठी, कशानेही नाही. एचपीव्ही आणि यकृताच्या कॅन्सरला कारण ठरू शकणारा हिपॅटायटिस बी हे विषाणू पसरतात, कॅन्सर पसरत नाही. रुग्णाचं भांडं वेगळं ठेवणं हा त्या माणसाला दिलेला फार मोठा घाव आहे. तो देऊ नका.

आधी काढा, गोमूत्र, गव्हांकुर करून पाहिलं आणि मग केमो घेतली तर?

‘आधी’ हाच शब्द घात करतो. यांपैकी कशानेही कॅन्सर बरा होतो असा पुरावा नाही, आणि पहिल्या-दुसऱ्या स्टेजचा आजार तेवढ्या काळात पुढे सरकतो. गावाकडचा कुणीतरी बरा झाल्याची गोष्ट प्रत्येक घरात असते. त्याने ऑपरेशनही करून घेतलं होतं, हे त्या गोष्टीतून बहुतेक वेळा गळालेलं असतं. उपचारांबरोबर काही घ्यायचं असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, कारण काही काढे आणि भस्मं यकृताला इजा करतात आणि केमोच्या औषधांशी झगडतात.

साखर आणि दूध पूर्ण बंद करण्याचीही गरज नसते. उपचार चालू असताना वजन टिकवणं महत्त्वाचं आहे. वरण, अंडी, दही, मासे, मऊ खिचडी, जे जाईल ते, थोडं थोडं, स्वच्छ आणि ताजं.

ऑपरेशन, केमो, लाईट : नेमकं काय काय असतं?

ऑपरेशनने गाठ काढतात. रेडिएशनला आपल्याकडे ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. त्यात यंत्रातून ठरावीक जागेवर किरण सोडतात, बहुधा आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे. बाहेरून दिलेल्या रेडिएशननंतर रुग्णाजवळ बसायला किंवा नातवाला मांडीवर द्यायला काही धोका नाही. केमो हे रक्तातून सर्वत्र पोहोचणारं औषध. केस जातात ते बहुतेकांचे परत येतात.

केमो घेणाऱ्यांनी एक गोष्ट फ्रिजवर लिहून चिकटवावी. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, तर घरच्या घरी गोळी घेऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो.

नव्या औषधांबद्दलही लोक विचारतात. इमॅटिनिब या गोळीने एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरचं चित्र बदललं. तिच्या पेटंटवरचा खटला २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, कंपनीला पेटंट नाकारलं गेलं आणि स्वस्त भारतीय गोळी मिळत राहिली. त्या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. अगदी अलीकडचं उदाहरण म्हणजे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेली भारतातली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती. यात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी काढून, कॅन्सरशी लढतील अशा बदलून परत देतात. एप्रिल २०२४ मध्ये पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते तिचं अनावरण झालं. ती रक्ताच्या काही कॅन्सरांसाठीच आहे, सगळ्यांना लागू नाही.

टाटाला जायचं म्हणजे काय तयारी लागते? पैशांचं कसं करायचं?

परळचं टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं, आणि १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. आधी फाईल काढावी लागते, जनरल किंवा प्रायव्हेट. जनरलमध्ये खर्च बराच कमी, गर्दी जास्त, डॉक्टर तेच. सगळे जुने रिपोर्ट, काढलेल्या तुकड्याच्या काचा (स्लाईड) आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा), आधार आणि रेशन कार्ड सोबत ठेवा. काही उपचार खारघरच्या केंद्रात होतात. गावाकडून पाहुणे येणार असतील तर त्यांना हेही सांगा, की २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली हॉस्पिटलं आहेत. प्रत्येकाला मुंबईत फुटपाथवर दिवस काढण्याची गरज नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. उपचार सुरू होण्याआधी मंजुरी घ्यायची असते, म्हणून पहिल्याच दिवशी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. नंतर बिलं घेऊन गेलात तर उपयोग होत नाही. समाजसेवा विभागात जायला संकोच करू नका, तिथली माणसं यासाठीच बसलेली असतात. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. रेल्वे तिकिटात कॅन्सर रुग्णाला सवलत मिळते, आणि लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करता येतो. कागद जवळ ठेवा, कारण डोक्यावर केस असलेल्या रुग्णाला डब्यातली माणसं उठवतात.

आईला सांगायचं की नाही?

नातेवाईक डॉक्टरांच्या दारात हात जोडून सांगतात, ‘तिला काही बोलू नका’. त्यामागे प्रेम असतं. पण आईने चार वेळा रक्त दिलेलं असतं, स्कॅनच्या नळीतून जाऊन आलेली असते, बाहेर बसलेल्यांच्या डोक्यावरचे रुमाल तिने पाहिलेले असतात. तिला बहुतेक कळलेलं असतं. आपण लपवतो तेव्हा ती एकटी पडते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून तीही न कळल्याचं सोंग घेते. बँकेचं, घराचं, धाकट्या मुलीच्या लग्नाचं, तिला काही बोलायचं असतं ते राहून जातं.

सगळं एकदम सांगायला नको. ‘तुला काय वाटतं, काय झालं असेल?’ असं विचारा आणि गप्प बसा. ती जेवढं विचारेल तेवढंच, पण खरं सांगा.

चौथी स्टेज म्हणजे सगळं संपलं का?

नाही. काही कॅन्सर चौथ्या स्टेजलाही औषधाने वर्षानुवर्षं काबूत राहतात. आजार बरा होणार नसेल तेव्हाही वेदना, धाप, उलट्या, भीती यांवर उपचार असतात. त्यांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती शेवटच्या आठवड्यात बोलवायची नसते. जितकी लवकर सुरू होईल तितकं जगणं सुसह्य होतं. मॉर्फीन दिलं म्हणजे माणूस आता जाणार, हा गैरसमज आहे. योग्य मात्रेत ते फक्त वेदना घेतं, आणि ज्याची वेदना गेली तो जेवतो, झोपतो, बोलतो. वांद्र्याला माउंट मेरीजवळचं शांती अवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांची सेवा करत आहे.

उपचार संपले. आता पुन्हा हॉस्पिटलला का जायचं?

कारण परत उद्भवणारा आजार बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, आणि लवकर सापडला तर त्यावरही उपाय असतो. पहिली काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात, नंतर अंतर वाढतं. तारखेच्या दिवशी कामावर सुट्टी मिळत नसेल तर आधी फोन करून तारीख बदलून घ्या, पण चुकवू नका. मधल्या काळात नवी गाठ, न थांबणारा खोकला, कारण नसताना घटणारं वजन किंवा सतत एका जागी दुखणारं हाड जाणवलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फाईल घेऊन जा.